शिराझ, नोंद ७: साखर का अडली ते सापडलं

अखेर सापडलं! माझ्या शिराझचा, म्हणजे लाल वाइनच्या द्राक्षांचा, मागच्या नोंदीत १९.४ वर अडलेला ब्रिक्स (रसातल्या साखरेचं टक्क्यांतलं माप) त्यानंतरही हलेना. आधी संशय रिफ्रॅक्टोमीटरवर गेला, म्हणजे रसाच्या थेंबातून प्रकाश पाहून साखर मोजणाऱ्या नळीवर. स्वस्तातला आहे, डिस्टिल्ड वॉटरवरही ०.८ दाखवत होता. शून्यावर आणला, शंभर मण्यांच्या रसात हायड्रोमीटरही (तरंगून रसाची घनता दाखवणारी काचेची नळी) सोडला. खरा आकडा १८.६. (हायड्रोमीटरवरच विश्वास ठेवा, स्वस्त रिफ्रॅक्टोमीटरवर नको.)

नुसतं थांबूनही भागत नाही. नाशिकची दुपार तापायला लागली की मणी मॅलिक आम्ल जाळतात, पीएच ३.६ झालाय (पीएच चढला म्हणजे आंबटपणा उतरला). १८.६ वर तोडलं तर अल्कोहोल जेमतेम १० टक्के. मला १३ हवंय, म्हणजे ब्रिक्स २४ च्या आसपास.

मग एका सकाळी पानंच मोजली. काडीवर नऊ पानं, दीडशे-दीडशे ग्रॅमचे दोन घड. ग्रॅमभर फळ नीट पिकायला साधारण १० चौरस सेंटिमीटर पान लागतं. आलेखाच्या कागदावर पान ठेवून कडा आखली, चौकोन मोजले: ११० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दोन घडांना सत्तावीस पानं हवीत, आणि माझ्याकडे त्याच्या एक तृतीयांश!

डिसेंबरात भुरीच्या (पांढऱ्या बुरशीच्या रोगाच्या) धास्तीनं बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतले फुटवे, साफ काढल्या, शेंडा बाराव्या पानावर खुडला, घडाजवळची तीन पानं उतरवली. तिथंच घात झाला. पान उलगडल्यापासून साधारण चाळीस दिवसांनी भरात येतं, मग त्याचं काम उतरत जातं. माझी पानं आता शंभरी ओलांडलेली, कडेनं पिवळी. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यावर, साखर ओढायची वेळ आली तेव्हा बगलफुटीची तरणी पानं हवी होती, ती मीच खाली टाकली होती.

आता नवी पानं कुठून आणणार? म्हणून तिसऱ्या ओळीत काडीला एकच घड ठेवला. नऊ दिवसांत २०.७! शेजारची चौथी ओळ १९.३ वरच. तिसरीतला मणी चावला तर बी तपकिरी, कुरकुरीत. चौथीतलं अजून हिरवट, तुरट.

शुक्रवारी सगळंच तोडून मित्राच्या वायनरीत न्यायचं ठरलं होतं. पण लिहितालिहिता सुचलं: चौथीत साखर कमी, आंबटपणा अजून थोडा उरलेला, मग तिची रोझे (फिकट गुलाबी वाइन) का करू नये? सालींसोबत दोन-तीन तास ठेवून रस वेगळा काढायचा. तिसरी ओळ तशीच राहू दे. मित्राला विचारतो, वीस लिटरची टाकी रिकामी आहे का.