खुआसाक : फोर्ट व्हाईटचा घाट आणि सिझांग खोऱ्यातलं गाव

खुआसाक हे म्यानमारच्या चिन राज्यातलं गाव तेदिमच्या वाटेवर आहे. कलेम्योहून तेदिमकडे जाणारा रस्ता 'आता झालाय, चार तासांत पोचाल' असं कुणी सांगितलं तर अजिबात विश्वास ठेवू नका. डिसेंबर २०१९ मध्ये आम्ही उजाडायच्या आत निघालो आणि फोर्ट व्हाईट या इंग्रजांच्या जुन्या ठाण्यापाशीच दुपार कलली. सपाटीवरचं कलेम्यो सोडलं की रस्ता चढायलाच लागतो. तेव्हा रुंदीकरणासाठी डोंगर कापला होता, दगडमाती रस्त्यावर तशीच. जेसीबी बाजूला झाला की एकेक गाडी सोडत, तोवर दरीच्या काठावर बसून राहायचं. डोळ्यांत, नाकात, डब्यात सगळीकडे लाल धूळ. मास्क आणि गॉगल हवेतच. मागची सीट घेऊ नका, कंबर राहत नाही. पावसाळ्यात तर हा विचारच सोडा, २०१५ च्या पावसाने चिन राज्यात किती दरडी कोसळल्या ते तिथली माणसं अजून सांगतात.

वर भाड्याची लूट. स्टँडवरच्या दलालाने आमच्याकडून शेजारच्या बाईंच्या दुप्पट पैसे घेतले आणि सामानाचे वेगळे. दलालाला टाळा, आदल्या संध्याकाळी थेट ड्रायव्हरशी बोला आणि सीटचा आकडा कागदावर लिहून घ्या.

दुसरी फसवणूक फोटोंची. चिन म्हटलं की चेहऱ्यावर गोंदलेल्या आज्यांचे फोटो दाखवतात. ती प्रथा दक्षिणेकडची, मिंदाट आणि कानपेतलेटच्या बाजूची. सिझांग खोऱ्यात त्यासाठी येऊ नका. इथे यायचं ते गावासाठी, आणि गावाला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

फोर्ट व्हाईटपाशी मोठा रस्ता सोडून खोऱ्यात उतरलं की खुआसाक. १८८५ मध्ये मंडाले पडलं आणि थिबा राजाची रवानगी झाली आपल्या रत्नागिरीत. त्यानंतर काही वर्षांतच इंग्रज या डोंगरांत घुसले. राजा गेला तरी सिझांग लोक, म्हणजे इंग्रजांच्या कागदांतले 'सियिन', वाकले नाहीत. १८८८-८९ च्या मोहिमेत खोऱ्यातली गावं जळाली, फोर्ट व्हाईट उभा राहिला. १८९२-९३ मध्ये पुन्हा उठाव झाला. त्यात खाइ काम हा मोठा म्होरक्या. इंग्रजांनी मग घराघरांतल्या बंदुकाच काढून घेतल्या. हे सगळं आम्हाला एका आजोबांनी चहा पाजत, समोरच्या डोंगरांकडे बोट दाखवत सांगितलं, आणि घाटाचा शीण तिथेच उतरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी आले, आणि चर्च आज गावाच्या मध्यभागी आहे.

त्या आजोबांच्या घरी कुणाच्या तरी मर्तिकाची तयारी चालली होती. अशा प्रसंगी कुणी काय करायचं हे नात्यानुसार आधीच ठरलेलं असतं. लेकी-जावयांच्या वाट्याला राबणं येतं : निरोप पोचवणं, मांस कापणं, शिजवणं, वाढणं. आपल्याकडे जावई पाटावर बसतो, इथे तो चुलीपाशी उभा असतो! नावांची रीतही मला फार आवडली. थोरल्या मुलाच्या नावाची सुरुवात आजोबांच्या नावातल्या शेवटच्या अक्षराने होते, थोरल्या मुलीची आजीच्या. नाव ऐकलं की घराणं कळतं. तरुण मात्र कमीच दिसले, बरेच मलेशियात नाहीतर अमेरिकेत. जेवायला सबुती मिळाली, म्हणजे भरडलेल्या मक्याची घट्ट पेज. थंडीत वाटीवर वाटी घ्यावी अशी. आग्रह झाला तर नाही म्हणू नका.

'कुठल्याही घरात झोपायला मिळेल' हेही खोटं. लोक मनापासून बोलावतात, पण म्यानमारमध्ये परदेशी माणसाने परवाना असलेल्या ठिकाणीच राहायचं असतं. संध्याकाळी गावप्रमुखाने अगदी नम्रपणे सांगितलं, जावं लागेल. अंधारात, कडाक्याच्या थंडीत तो घाट मोटरसायकलवर पुन्हा चढलो. तुम्ही मुक्काम तेदिममध्ये ठेवा, सकाळी लवकर निघा, दोनच्या आत गाव सोडा. जाड जाकीट आणि हातमोजे लागतीलच. तेदिम छान होतं, तिथे आम्हाला काही अडचण आली नाही.

रविवारी निघायचा बेत करू नका. सगळं गाव चर्चमध्ये असतं, गाडी मिळत नाही, दुकानं बंद. क्यात, म्हणजे तिथलं चलन, कलेम्योतच काढून घ्या, पुढे एटीएमच्या भरवशावर राहू नका. आपलं सिमकार्डही चालत नाही. तेव्हा मणिपूरच्या मोरेहून पलीकडच्या तामूत शिरून रिखॉदारवरून मिझोरममध्ये झोखाथारला उतरता येत असे. ऑगस्ट २०१८ मध्ये दोन्ही नाके व्हिसा असलेल्यांना खुले झाले होते. उलट दिशेने आलात तर फोर्ट व्हाईटचा घाट उताराला लागतो. मी पुन्हा गेलो तर तसाच जाईन.