कांडी विदूषकाच्याच हातात मोडावी

जादूगाराने कधी चुकायचे नसते आणि विदूषकाला कधी काही जमायचे नसते, अशी प्रेक्षकांची समजूत असते. मी आयुष्यभर ही दोन्ही कामे एकाच ढगळ, ठिगळांच्या पायजम्यात केली, आणि ती एकत्र करण्यातच या व्यवसायाचे खरे कसब आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या मुलाला हा मार्ग कसा सापडला, असे मला पुष्कळदा विचारले जाते. त्याचे उत्तर गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, असेच आहे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर पाळणे, मौत का कुआँ, खेळण्यांची दुकाने आणि सर्कशीचा तंबू उभा राहिला, की माझे पाय आपोआप तंबूकडे वळत. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये मुंबईत ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली आणि भारतीय सर्कशीचा आरंभ एका मराठी माणसाच्या हातून झाला, हे मला फार पुढे समजले. तेव्हा मला फक्त जोकर दिसत होता. वाघांचा पिंजरा जोडायला किंवा झुल्याखालची जाळी ताणायला लागणारा वेळ तो एकटा भरून काढी, आणि झुल्याच्या खेळात सगळे कसरतपटू सफाईने उतरल्यावर हा मात्र हातपाय झाडत जाळीत कोसळे. तसे कोसळायला झुल्यावरचा सगळा तोल अंगात मुरलेला असावा लागतो, पाठीवर नेमके उतरता यावे लागते, आणि तरीही पाहणाऱ्याला तो गडी घाबरलेलाच वाटावा लागतो. पुढे हिंस्र प्राण्यांच्या खेळांवर बंदी आली, 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, आणि ते योग्यच झाले; परंतु तंबू लहान होत गेले तसे जोकरचे कामही आटत गेले, ही हळहळ मला आजही वाटते.

जादूचे आकर्षण वेगळ्या वाटेने आले. त्या काळी जादूगार म्हटले की पी. सी. सरकार यांचा महाराजाचा फेटा आणि शेरवानी डोळ्यांसमोर येई. मराठी घरांत पुण्याच्या जादूगार रघुवीर यांचे नाव आदराने घेतले जाई. तो थाट मला परवडण्यासारखा नव्हता आणि, खरे सांगायचे तर, हवासाही वाटला नाही. थाटाच्या जादूत जादूगार थोर ठरतो आणि प्रेक्षक थक्क होऊन खाली बसून राहतो. विदूषकाच्या जादूत प्रेक्षकाला जे दिसते ते विदूषकालाच दिसत नाही. रुमाल त्याच्या पाठीला लोंबत असतो आणि तो खिशात, टोपीत, बुटात शोधत राहतो. अशा वेळी पूर्व भागातल्या एखाद्या पटांगणात मुले एकाच वेळी ‘मागं बघ’, ‘वेनक चूडु’ आणि ‘हिंदे नोडु’ असा मराठी, तेलुगू आणि कानडीत गिल्ला करतात. माझा खेळ जवळजवळ मुका झाला तो याच शहरामुळे. शेजारच्या मागांच्या आवाजात बोललेले ऐकू जात नसे, आणि ऐकू गेले तरी समोरच्या निम्म्या मुलांची घरची भाषा वेगळी असे.

मुलांपुढे जादू करणाऱ्याने वयाचे भान ठेवलेच पाहिजे. तीन-चार वर्षांच्या मुलाला नाणे नाहीसे झाल्याचे विशेष नवल वाटत नाही, कारण काय शक्य आहे आणि काय अशक्य, याची त्याची कल्पनाच अजून पक्की झालेली नसते; त्याला फुगा आणि पडणे अधिक आवडते. पाच ते नऊ हे वय जादूला सर्वांत अनुकूल असते. जाड पांढऱ्या रंगाने मढवलेल्या चेहऱ्याला लहान मुले घाबरतात, कारण त्याखालचे भाव त्यांना वाचता येत नाहीत. म्हणून मी पांढरा रंग सोडला आणि लाल नाक तेवढे ठेवले.

हातात घेताच तुकडे होऊन लोंबणारी जादूची कांडी बाजारात सहज मिळते, आणि बहुतेक नवे जादूगार ती व्यासपीठावर बोलावलेल्या मुलाच्या हातात देतात. सभागृह हसते, परंतु ते मुलाला हसते. आपण काहीतरी मोडले आणि सगळे आपल्यालाच हसत आहेत, एवढेच त्या मुलाला कळते. कांडी विदूषकाच्या हातात मोडली पाहिजे आणि मुलाच्या हातात गेल्यावर सरळ झाली पाहिजे. सामान तेच, हातचलाखीही जवळजवळ तीच. परंतु त्या मुलाला सर्वांसमोर काहीतरी साध्य झाल्याचा आनंद मिळतो, आणि त्याचे आईवडील तो चेहरा विसरत नाहीत. रिकाम्या पिशवीतून अंडे काढायचे तेव्हाही ते मुलालाच सापडावे, मला नाही.

फसवणुकीचा प्रश्न मी गांभीर्याने घेतो. माझ्या खेळांतील गुपिते मी उघड करत नाही, कारण मी फसवणार आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. मात्र अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला या भागांतील शाळांमध्ये खेळ करताना मी एक नारळ आवर्जून मंत्राविना पेटवून दाखवतो आणि लगेच कृती सांगतो: शेंडीत पोटॅशियम परमँगनेट लपवायचे, पाणी म्हणून वरून ग्लिसरीन सोडायचे आणि काही क्षण थांबायचे. रसायने मोठ्या माणसाच्याच हातात असावीत, हेही बजावतो. हीच युक्ती दैवी शक्ती म्हणून दाखवून कोणी पैसे उकळत असेल, तर तो जादूगार नव्हे. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, याचा माझ्यासारख्या जादूगाराला अभिमान वाटतो.

आता गुडघे पूर्वीसारखे साथ देत नाहीत, त्यामुळे पडण्याचे खेळ मी शिकाऊ मुलांकडे सोपवले आहेत. त्यांनाही आधी पडायला आणि मगच नाणे लपवायला शिकवतो. थप्पड कशी बसवायची, तर मारणाऱ्याचा हात गालाजवळून जातो आणि मार खाणाराच छातीपाशी टाळी वाजवतो. ती टाळी क्षणभर जरी उशिरा पडली, तरी सगळा खेळ खोटा पडतो. मी स्वतः अलीकडे रुग्णालयांतील लहान मुलांच्या वॉर्डांत जातो. अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये 1986 पासून प्रशिक्षित विदूषक रुग्णालयांत नियमित जाऊ लागले, त्या परंपरेतील हे काम आहे, आणि त्याचे नियम तंबूपेक्षा कडक आहेत. स्पंजचे चेंडू एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाऊ द्यायचे नाहीत, पुसून घेता येईल असेच सामान न्यायचे, रबरी फुगे घरी ठेवायचे, आणि खाटेजवळ जाण्यापूर्वी दारातूनच मुलाची परवानगी घ्यायची. मूल नको म्हणाले, तर विदूषकाने दाराच्या चौकटीला धडकून, नाक चोळत परत जायचे. वॉर्डात सुई टोचून घ्यायची की नाही, हे त्या मुलाला कोणी विचारत नाही. विदूषकाला मात्र ते हाकलू शकते.