जुनं घर पाडून नवं बांधलं, मलबा नाल्यात जाऊ दिला नाही – माझा अनुभव

आमचं गाव आर्वी तालुक्यात, वर्धा जिल्हा. गावाला लागूनच नाला आहे आणि गेल्या काही वर्षांत गावात जेवढी पक्की घरं झाली त्या बहुतेकांचा मलबा त्याच नाल्याच्या काठावर गेला. विटांचे तुकडे, जुन्या भिंतीची माती, सिमेंटच्या फाटक्या चुंगड्या, सगळं. मग पावसाळ्यात पाणी तुंबते आणि बाजूच्या वावरात घुसते, त्यातलं एक वावर आमचं आहे. त्यामुळे आमच्या घराचं काम निघालं तेव्हाच मी मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, सांगितलं की आपल्या घरची एकही ट्रॉली नाल्यावर जाणार नाही. ह्यांची नोकरी बाहेरगावी, म्हणून कामावर उभं राहायचं माझ्याकडेच आलं.

सगळ्यात आधी मिस्त्रीसोबतची बोली. आमच्या इकडे काम लेबर रेटवर देतात, म्हणजे फुटामागे मजुरी मिस्त्रीची आणि सिमेंट, रेती, गिट्टी, लोहा, विटा सगळं मालकाचं. आता विचार करा, अर्धी वीट फेकली काय नि अख्खी लावली काय, मिस्त्रीला तेवढेच पैसे, उलट तुकडा शोधत बसला तर त्याचाच वेळ जाते. यात त्याचा दोष नाही, व्यवहारच तसा आहे. म्हणून मी बोलीतच टाकलं की इंजिनियरनं काढलेल्या अंदाजापेक्षा विटा आणि लोहा जेवढा वाचेल त्याचे अर्धे पैसे तुमचे. सिमेंटवर ही बोली मुद्दाम ठेवली नाही, कारण तिथे वाचवायचं म्हटलं की मसाल्यातच, म्हणजे सिमेंट-रेतीच्या मालातच, सिमेंट कमी पडायची भीती, आणि ती बचत नंतर भिंतीला तडे जाऊन वसूल होते. मिस्त्री पहिले म्हणाले, "वैनी, एवढं कायले मोजता, घर बांधाचं म्हटलं का मलबा होतेच." पण पैशाचं ऐकल्यावर तयार झाले आणि पुढे खरंच मनापासून केलं त्यांनी.

जुनं घर मातीचं, वर कवेलू, सागाचे मयाल (तुळया), आणि मागून जोडलेला विटा-सिमेंटचा स्वयंपाकघराचा भाग. त्या भागावर सिमेंटचे पत्रे. लोक जेसीबी लावून अर्ध्या दिवसात घर आडवं करतात आणि मग माती, लाकूड, विटा, पत्रा सगळ्याची खिचडी होते, ती कोणाच्याच कामाची राहत नाही. आम्ही वरून खाली हातानं उतरवलं. कवेलू पहिले काढले, शेजारच्या काकांना कोठ्यावर टाकायला पाहिजेच होते. मयाल आरा मशीनवर नेऊन चिरून आणले, त्यातूनच नव्या घराच्या दोन चौकटी झाल्या, तसं जुनं पिकलेलं सागवान आज विकत घ्यायला गेलं तर परवडत नाही. भिंतीची पांढरी माती वावरात टाकली, आपल्या आज्या-पणज्यांपासून ही माती लोक शेतात टाकतच आले आहेत. आमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामला बापूंच्या कुट्या माती, बांबू, कवेलूच्याच आहेत, तसं घर उतरवलं तर फेकायसारखं जवळपास काही उरतच नाही. खरा मलबा त्या मागच्या सिमेंटच्या भागाचाच निघाला.

त्यातल्या अख्ख्या विटा रेजा बायांनी बसून साफ केल्या, बसोल्यानं मसाला उतरवून. या कामाची मजुरी मी वेगळी दिली, कारण हे फुकट करून घ्यायचं काम नाही. अद्धे आणि तुकडे वेगळे ठेवले, काँक्रीटची ढेकळं वेगळी. ढेकळं घणानं फोडून जोत्याच्या भरावात घातली, सहा-सहा इंचाचा थर, पाणी मारून धुम्मस. फक्त भरावात हं, फुटिंगच्या, म्हणजे कॉलमच्या पायाच्या, खाली नाही. आणि भरावात लाकडाचा तुकडा, तुराट्या, कागद, चिंधी काहीच जाऊ द्यायचं नाही, ते सडते, जमीन खचते आणि उधई (वाळवी) थेट घरात येते. यासाठी मी खरोखर भरावावर उभी राहून वेचून काढलं. विटांचे तुकडे राखून ठेवले होते ते शेवटी गच्चीवर कोब्याला लागले.

आता नव्या कामातला कचरा. माझं ठाम मत आहे की तो साइटवर नाही, नकाशावरच ठरते. आम्ही खोल्या आतून १० बाय १२ ठेवल्या. टाइल दोन बाय दोनची म्हणतात ती खरं ६०० मिलिमीटरची असते. १० फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर, पाच टाइलचे ३०००, उरलेले दोन्हीकडच्या प्लास्टरमध्ये आणि स्कर्टिंगमध्ये जातात. १२ फुटात तशाच सहा बसतात. म्हणजे एका खोलीला ३० टाइल आणि कटिंग जवळपास नाहीच. तेच खोली सव्वाअकरा फुटाची केली असती तर प्रत्येक ओळीत एक टाइल कापावी लागली असती आणि उरलेला तुकडा कुठेच लागत नाही.

लोह्याचंही तसंच. सळाख १२ मीटरची येते. आमच्या ९ बाय १२ इंचाच्या कॉलमची रिंग, म्हणजे उभ्या सळाखींना बांधायचं कडं, साधारण ९० सेंटीमीटरमध्ये होते, एका सळाखीतून १३ रिंगा निघतात आणि फूटभर तुकडा उरते. इंजिनियरकडून कोणती सळाख कुठे किती लांबीची लागणार याची यादी आधीच लिहून घेतली आणि कापणाऱ्याला सांगितलं की लांब तुकडे आधी कापा, छोटे मागून, उरलेल्यातून. फूटभराचे तुकडे स्लॅबच्या वरच्या जाळीखाली खुर्च्या, म्हणजे जाळी उचलून धरणारे टेकू, करायला वापरले. १२ एमएमची एक सळाख १०.६५ किलो भरते, म्हणजे तुकडे भंगारात गेले की किती जाते तुम्हीच पाहा.

विटांची तुटफूट मात्र बहुतेक उतरवतानाच होते. ट्रॉली हायड्रॉलिकनं पालटी केली की तळच्या विटा गेल्याच समजा. आम्ही हातानं उतरवून थप्पी लावली, हमाली जास्त लागली पण तुकडे अगदी कमी झाले.

सिमेंट एकदम आणून ठेवायचं नाही, हे सगळेच सांगतात पण भाव वाढणार म्हटलं की सगळेच भरून ठेवतात. तीन महिने पडलं की त्याची ताकद साधारण पाचव्या हिश्शानं कमी होते. आम्ही जेवढं काम तेवढ्याच बॅगा आणल्या, खाली फळ्या, भिंतीपासून फूटभर लांब आणि दहाच्या वर थप्पी नाही. मसाला थोडा थोडा कालवायचा, पाणी पडल्यावर अर्ध्या तासानंतर सिमेंट धरायला लागू शकते, आणि दुपारच्या जेवणाच्या आधी घमेल्यात माल उरला म्हणजे तो गेलाच. जुडाई आणि प्लास्टरच्या वेळी भिंतीच्या पायथ्याशी ताडपत्री टाकली, पडलेला माल लगेच उचलून तिथेच वापरला. वाळला असेल तर नाही, तो भरावात. रेतीचे भाव आज जे आहेत ते पाहता एवढ्यानंच ताडपत्रीचे पैसे निघाले.

कोणी म्हणेल गावात कोण विचारते. पण केंद्राचे २०१६ चे मलब्याचे नियम होते (आता त्यांच्या जागी २०२५ चे नवे नियम आले), दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनाच्या वर मलबा करणाऱ्यांवर त्यात जास्त बंधनं होती, पण रस्त्यावर, नालीत मलबा टाकून अडथळा करायचा नाही हे त्यात लहान-मोठ्या सगळ्यांनाच लागू होतं. ग्रामपंचायतीला मी तोंडी सांगून पाहिलं की गावासाठी एक जागा नेमून द्या, पांदण रस्त्याच्या खड्ड्यात विटांचा चुरा तरी घालता येईल. अजून काही झालं नाही, पण पुढच्या ग्रामसभेत लेखी देणार आहे.

सगळं जमलं असं नाही. पुट्टीच्या पिशव्या, टाइलच्या खोक्यातला थर्माकोल, रंगाचे डबे, यातले डबे भंगारवाल्यानं नेले, बाकीचं कोणी घेत नाही. आणि ते सिमेंटचे पत्रे. जुन्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असते, फोडले की त्याचे बारीक तंतू उडतात आणि फुफ्फुसात जातात, म्हणून आम्ही पाणी मारून, हूक ढिले करून, नाकातोंडाला मास्क लावून अख्खेच उतरवले. काही लोक ते फोडून भरावात टाकतात, कृपा करून तसं करू नका. आमचे मागच्या आवारात ताडपत्रीखाली ठेवलेले आहेत. वर्धा, अमरावती, नागपूर इकडे असे पत्रे नीट घेऊन जाणारं कोणी असेल तर सांगा, भाडं द्यायची तयारी आहे.