‘मूल प्रज्ञावान असल्याचा दाखला’ आणि माझ्या पाच फेऱ्या

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर राहून जाईल. अर्जाला मुलाची मूळ वही कधीही जोडू नका, झेरॉक्स जोडा. का, ते पुढे येईलच.

आम्ही गोव्यातल्या चोडण बेटावरचे. आमची बाय तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत. २०२५ च्या मार्चमध्ये शाळेतून एक कागद घरी आला: मे महिन्यात पणजीत प्रज्ञावान मुलांसाठी पाच दिवसांचं शिबिर, तिसरी ते पाचवी, जागा तीस. मुलांनी स्वतः मोजायचं, कापायचं, जोडायचं, मोडलं तर परत करायचं. कागद वाचता वाचताच मी ठरवलं की हिला पाठवायचं. एवढ्या लहान मुलांसाठी असं फारसं काही नसतंच. मुलं आपले विज्ञानप्रकल्प मांडतात त्या बालविज्ञान काँग्रेसला वयाची दहा वर्षं पूर्ण लागतात, आणि मुलांच्या नव्या कल्पनांसाठीची सरकारी योजना, इन्स्पायर मानक, तिचे अर्ज सहावीपासून पुढे. चौथीतल्या मुलीने तोवर डोक्यातले प्रश्न कुठे ठेवायचे?

फोटो, जन्मदाखला, बोनाफाईड, सगळं एका संध्याकाळी झालं. अडलं ते सातव्या रकान्यात. तिथे छापलं होतं, ‘मूल प्रज्ञावान असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.’

हा सक्षम अधिकारी कोण, हे अर्जात कुठेच नव्हतं. दिलेला फोन कोणी उचलेना. म्हणून मी फेरीबोट धरून रायबंदरला उतरले आणि तिथून बसने पणजीला शिबिराच्या कार्यालयात गेले. त्या दिवसांत नवी मोठी रो-रो बोट आली नव्हती, जुनी फेरीबोटच होती. खिडकीवरचा माणूस म्हणाला, “शाळेकडून आणा.” हे सांगायला त्याला अर्धं मिनिट लागलं. माझा अख्खा दिवस गेला.

शाळेत मुख्याध्यापिका बाई बुचकळ्यात पडल्या. “असा दाखला मी कधी दिला नाही, आणि कशाच्या आधारावर देऊ? हिच्या प्रगतिपत्रकात गणिताला ब आहे.” त्यांचंही खोटं नव्हतं. बाय पाढे म्हणताना खिडकीबाहेर बघते, शुद्धलेखन अर्धं सोडते. पण हीच मुलगी जानेवारीपासून रोज धक्क्यावर जाऊन मांडवीचं पाणी मोजत होती, आणि ते करायला तिला कोणीही सांगितलं नव्हतं. बाईंनी तसं एक पत्र लिहून दिलं.

दुसरी फेरी. “हे शाळेचं पत्र झालं, दाखला नव्हे. डॉक्टरकडून आणा.” मी एका मानसशास्त्रज्ञांकडे गेले. ते भले गृहस्थ. म्हणाले, “चाचणी करून बुद्ध्यंक काढून देतो. पण कुठली चाचणी, किती आकडा हवा, ते यात लिहिलेलंच नाही. तेवढं विचारून या, उगाच पैसे घालवू नका.” हे बोलल्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तुम्हालाही कोणी असा दाखला मागितला, तर चाचणीला पैसे भरण्याआधी निकष लेखी मागा.

तिसऱ्या फेरीत “सायब ना,” म्हणजे साहेब नाहीत. दोन तास बाकावर बसले. शेवटी “फाल्यां यो,” उद्या ये. चौथ्या फेरीत साहेब मीटिंगला. माझ्या शेजारी अस्नोड्याचे एक बाबा बसले होते, त्यांच्या नातवाचा अर्जही सातव्या रकान्यातच अडकलेला. नातू घरी मोडके रेडिओ उघडून परत लावतो, ते बोलतही करतो. बाबा म्हणाले, “आता नाही येत मी. गुडघे चालत नाहीत.” आणि ते उठून गेले. त्या क्षणी माझा संताप अगदी वर आला. तो मुलगा त्या तिसांत बसला असता की नाही, हे बघायलाही कोणी तयार नव्हतं, कारण खिडकीवर माणसाला नव्हे, कागदाला आत घेत होते.

मग मी तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला. हे पहिल्या फेरीतच करायला हवं होतं. तोंडी विचारलं की तोंडी उत्तर मिळतं आणि दुसऱ्या दिवशी ते बदलतं. तीनच प्रश्न लिहिले: सक्षम अधिकारी कोण, निकष कोणता, आणि दाखला नसल्यास मुलाचं काम पुरावा म्हणून चालेल का. खाली लिहिलं की राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कलम ४.४३ ते ४.४६ प्रतिभावान मुलांबद्दल आहेत, आणि त्यांत विषयवार, प्रकल्प करणाऱ्या मंडळांना उत्तेजन द्यावं असं म्हटलं आहे. प्रत काढली, आवक क्रमांक घातला, शिक्का मारून घेतला. शिक्का पडेपर्यंत मी खिडकी सोडली नाही. सहाव्या दिवशी फोन आला: मुलीला आणि तिच्या कामाला घेऊन या.

आता ते काम काय, ते सांगते. फेरीबोट कधी उतारावर वर येऊन लागते, कधी खाली, हे बायने पाहिलं होतं. आजोने, म्हणजे तिच्या आजोबांनी, तिला एक बांबू दिला. तिने त्यावर ऑइलपेंटने पाच-पाच सेंटिमीटरवर रेघा मारल्या आणि तो धक्क्याच्या खांबाला बांधला. शाळेआधी आणि शाळेनंतर ती पाणी कुठल्या रेघेला आहे ते लिहायची. पंधरवड्यात तिच्या लक्षात आलं की भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. चंद्रही पुढे गेलेला असतो, त्याला गाठायला पृथ्वीला सुमारे पन्नास मिनिटं जास्त फिरावं लागतं, हे मी तिला संत्रं आणि लिंबू घेऊन दाखवलं. अमावास्या-पुनवेला उधाण आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान भरती, हे आजोला तोंडपाठ होतं. बायच्या वहीत तेच आकड्यांत उतरलं.

तिच्या वहीत एका दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसायच्या. मला वाटलं, ही घाईत चुकीची रेघ वाचते. मी तिला तसं म्हटलंही. “मी परत बघितलं,” ती म्हणाली, आणि रात्री बॅटरी घेऊन मला धक्क्यावर घेऊन गेली. रेघ तिने लिहिली तीच होती. आपल्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्या खरोखरच लहानमोठ्या असतात. चंद्र नेहमी विषुववृत्ताच्या बरोबर वर नसतो, म्हणून हा फरक पडतो. हे मी नंतर वाचलं. तिच्यावर अविश्वास दाखवला, याचं मला अजून वाईट वाटतं.

तिथून ती मानशीकडे वळली. आमच्या खाजनात, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, बांधाला मानस आहे, पाणी आतबाहेर सोडायचं दार. भरतीला दार आपोआप बंद होतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. सुकतीला आतलं पाणी दार ढकलून नदीत जातं. कोणी उघडायला नको, मिटायला नको. बायने कपड्यांच्या टबात मधोमध सनमायकाचा तुकडा एम-सीलने बसवला, त्याला चौकोनी भोक पाडलं. झिजलेल्या चपलेचं रबर म्हणजे दार, सायकलच्या ट्यूबची पट्टी म्हणजे बिजागरी. नदीच्या बाजूला तांब्याने पाणी ओतलं आणि दार सताड उघडून शेत भरून गेलं. तीनदा तसंच झालं. चौथ्यांदा ती जमिनीवर पालथी पडून, नाक टबाला लावून बघत राहिली. मग काही न बोलता तिने दार उपटलं आणि नदीच्या बाजूला लावलं. पाणी ओतलं, रबर चौकटीला घट्ट चिकटलं. नदीकडचं पाणी उपसलं, तसं रबर हळूच सुटलं आणि शेतातलं पाणी बाहेर. “भरतीच दार लावते,” ती म्हणाली. मी हातातलं काम टाकून तिथेच बसले.

घरी करणाऱ्यांसाठी एक सूचना: एम-सील रात्रभर सुकू द्या, आम्ही दोन तासांत पाणी ओतलं आणि सगळं निघालं.

खारटपणा मोजायला तिने स्ट्रॉचं खालचं तोंड मेणाने बंद केलं, वजनाला आत दोन बारीक खिळे टाकले. ती नळी पाण्यात उभी तरंगते, आणि पाणी जितकं खारं तितकी जास्त वर राहते. दर रविवारी ती नदीच्या पाण्यात सोडून पातळीची खूण वहीत. जानेवारीपासून खूण थोडी थोडी सरकत गेली. पाऊस थांबल्यावर नदीचं गोडं पाणी कमी होतं आणि समुद्राचं आत येतं, ते त्या खुणांत दिसत होतं.

पाचव्या फेरीला टब फेरीबोटीतून नेला. मुख्याध्यापिका बाईंनी नवं पत्र दिलं होतं, या वेळी मुद्देसूद. जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये प्रतिभेची तीन वर्तुळं मांडली: सरासरीपेक्षा वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हातातल्या कामाला चिकटून राहणं. बाईंनी तिन्हींखाली बायच्या कामातलं एकेक उदाहरण लिहिलं. तुम्ही शाळेकडून पत्र घ्याल तेव्हा असंच मागा. ‘विद्यार्थिनी हुशार व होतकरू आहे’ या वाक्याचा काहीही उपयोग होत नाही.

साहेबांनी दहा मिनिटं वही वाचली. मला एक शब्द विचारला नाही. बायला विचारलं, “सकाळची आणि रात्रीची भरती सारखी का नाही?” मी तिला चंद्राचं सांगितलेलं ती तेव्हा विसरली. म्हणाली, “आठवत नाही. पण ते चुकून लिहिलेलं नाही.” त्यांनी पेन उचलून सातव्या रकान्यात ‘वहीवरून पात्र’ असं लिहिलं आणि सही केली. मला रडू आलं. चार फेऱ्यांत जे झालं नाही ते या दहा मिनिटांत झालं, आणि ही दहा मिनिटं पहिल्या दिवशीही मिळू शकली असती. तिथेच मी त्यांना अस्नोड्याच्या बाबांबद्दल सांगितलं. त्यांनी अर्ज शोधायला लावला. पुढे शिबिरात बायला मोडका रेडिओ बोलता करणारा एक मुलगा भेटला, तेव्हा मला कळलं की तो आला.

शिबिर छान झालं. बायने तिथे कागदी पूल केले, पानांचे रंग वेगळे केले, गोष्ट रचून सावल्यांचं नाटक केलं. पाचही दिवस ती न उठवता उठत होती.

पण वही त्या दिवशी फाईलला लावून घेतली. “नंतर न्या,” म्हणाले. त्यानंतर मी दोनदा विचारलं. फाईल दुसऱ्या टेबलावर आहे, एवढंच कळलं. बायने नवी वही सुरू केली आहे. भरतीचे आकडे परत घेता येतील. जानेवारी ते एप्रिलच्या नळीच्या खुणा मात्र त्याच वहीत आहेत. आता पावसाने नदी गोडी झाली आहे, आणि त्या परत घ्यायच्या तर जानेवारीपर्यंत थांबावं लागेल. वही दिल्याची पोच मी त्या दिवशी आनंदाच्या भरात घेतली नाही. आवक क्रमांक माझ्याकडे आहे. तो घेऊन सोमवारी पहिल्या फेरीबोटीने जाणार आहे, बायला बरोबर घेऊन.