थिबा पॉइंटवरून ब्रह्मदेश दिसत नाही

रत्नागिरीतले दोन दिवस किनारे आणि माशांची ताटं यांतच गेले. लिहायचंय ते थिबा पॉइंटबद्दल. थिबा म्हणजे ब्रह्मदेशाचा (आजच्या म्यानमारचा) शेवटचा राजा, इंग्रजांनी गादीवरून काढून रत्नागिरीत आणून ठेवलेला.

कठड्याशी उभं राहिलं की खाली काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल आणि पुढे समुद्र. ‘राजा इथून आपल्या देशाकडे बघत बसायचा,’ असं कुणी ना कुणी पोरांना सांगत असतंच. मला ते खटकतं. समुद्र पश्चिमेला आहे. त्याची राजधानी मंडाले पाठीमागे, पार सह्याद्रीच्या पलीकडे. राजा दुर्बिणीतून बघायचा त्या बोटी. तेव्हा रत्नागिरीला रेल्वे नव्हती. माणसं, माल, टपाल, सगळं बोटीने यायचं आणि पावसाळ्यात बोटीही बंद. इंग्रजांना असंच आडबाजूचं गाव हवं होतं.

‘हद्दपारी’ हा शब्द इथे अपुरा वाटतो. तडीपार माणसाला ठरवून दिलेल्या हद्दीत पाय ठेवायचा नसतो, बाकी मुलूख मोकळा. थिबाला 1885 च्या नोव्हेंबरात मंडालेतून काढलं, मद्रासमार्गे 1886 मध्ये इथे आणलं आणि मग गावाबाहेर पाऊल टाकायलाही सरकारी परवानगी लागू लागली. आधी देशाबाहेर काढला, मग एका गावात कोंडला. रामाच्या वनवासालाही चौदा वर्षांची मुदत होती. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना 1908 साली शिक्षा झाली तीही सहा वर्षांची, आणि भोगायला धाडलं मंडालेलाच! थिबाला मुदतच दिली नव्हती. तनखा अपुरा पडायचा, माणिकं विकावी लागायची.

राजवाडा सोमवार सोडून बघा. लाल जांभ्याचं बांधकाम आणि अर्धगोल खिडक्यांचं लाकडी कोरीवकाम जवळून बघण्यासारखं आहे. तो 1910 मध्ये तयार झाला, म्हणजे राजा आल्यावर चोवीस वर्षांनी. तोवर मुक्काम बंगल्यांत. वाड्यात जेमतेम सहा वर्षं मिळाली. डिसेंबर 1916 मध्ये राजा गेला.

बहुतेक लोक इथूनच परततात, याचं मला फार वाईट वाटतं. रिक्षावाल्याला ‘शिवाजीनगर, थिबा राजाची समाधी’ असं पूर्ण सांगा. नुसतं ‘थिबा’ म्हटलं की रिक्षा राजवाड्याकडेच वळते. राणी सुपायालतला पार्थिव मायदेशी न्यायचं होतं. सरकारने नेऊ दिलं नाही. 1919 मध्ये राजाला आणि 1912 मध्ये वारलेल्या धाकट्या राणीला इथेच पुरलं. त्याच वर्षी सुपायालत रंगूनला परतली. तिची समाधी तिकडे रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोडाजवळ आहे, नवऱ्याची इथे.