एचएस-सीआरपी, ओसीटी आणि डोळ्यातलं इंजेक्शन : माझा अनुभव

उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मॅक्युलाजवळ, म्हणजे मधली नजर सांभाळणाऱ्या भागाजवळ, ड्रुझेन नावाचे पिवळसर साठे झालेत, वयोमानाने येणारं मॅक्युलाचं आजारपण म्हणजे एएमडी मध्यम टप्प्यावर आहे, असं निदान झालं. त्यासोबतच्या चिठ्ठीत सीबीसी, ईएसआर (दाह दाखवणारी रक्ताची चाचणी), लिपिड, साखर आणि एचएस-सीआरपी (सीआरपी बारकाईने मोजणारी चाचणी) लिहिलं होतं. डोळ्याच्या दुखण्यात सीआरपीचं काम काय, हे आधी नीट समजून घेतलं आणि पुढे त्याचा फार उपयोग झाला.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठेही दाह असला की ते वाढतं. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. एएमडीशी त्याचा धागा जुळतो तो कॉम्प्लिमेंट नावाच्या संरक्षक यंत्रणेतून. ड्रुझेनमध्ये या यंत्रणेची प्रथिनं सापडतात. तिला आवर घालणाऱ्या एच फॅक्टरच्या जनुकातला एक बदल एएमडीचा धोका वाढवतो, हे २००५ मध्ये पुढे आलं. त्या बदललेल्या प्रथिनाला सीआरपीशी नीट जोडून घेता येत नाही. एएमडीच्या रुग्णांच्या गटात सीआरपी सरासरीने जास्त दिसतं. पण सरासरी ही गटाची असते. एका माणसाच्या आकड्यावरून त्याच्या पडद्याचं काहीही ठरवता येत नाही.

पहिला रिपोर्ट आला ‘५ पेक्षा कमी’. लॅबने साधं सीआरपी केलं होतं. साध्या चाचणीला बारीक फरक टिपता येत नाहीत, म्हणून फॉर्मवर ‘एचएस’ ही अक्षरं स्पष्ट लिहून घ्यायची आणि पावतीवरही पाहायची. दुसऱ्यांदा आकडा ११.८ आला. तेव्हा दाढेची हिरडी सुजलेली होती. लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर आकडा गेला की तो जंतुसंसर्गाचा किंवा दुखापतीचा धरतात आणि मोजणीतून बाजूला ठेवतात. हिरडी बरी झाल्यावर दोन आठवडे थांबून पुन्हा रक्त दिलं. सर्दी, ताप, नुकतीच घेतलेली लस, गुडघ्याची सूज, यांतलं काहीही असलं तरी हेच करावं. नुसत्या सीआरपीला उपाशीपोटी जायची गरज नसते, पण सोबत साखर आणि लिपिड असेल तर सकाळीच उरकावं.

तिसऱ्या रिपोर्टात ०.३४ होतं आणि क्षणभर हायसं वाटलं. मग एकक पाहिलं: मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. दहाने गुणलं की ३.४ मिलिग्रॅम प्रति लिटर. हृदयविकाराच्या धोक्यासाठी १ च्या आत कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, असे टप्पे आहेत. एएमडीसाठी असे टप्पेच नाहीत. रिपोर्टवरच्या ‘हाय रिस्क’ शेऱ्याचा डोळ्याशी संबंध जोडून घाबरू नये. त्या आकड्यावरून करायचं ते एवढंच: विडी-सिगारेट पूर्ण बंद, कारण धूम्रपानाने एएमडी बळावतो हे पक्कं आहे, वजन, रक्तदाब आणि हिरड्या सांभाळणं, आणि हृदयाच्या दृष्टीने काही हवं का, हे फिजिशियनला विचारणं. सीआरपी उतरवण्यासाठी म्हणून डोळ्याचं कुठलंही औषध नसतं.

रोजचा खरा पहारा अम्सलरच्या तक्त्याचा. १० सेंटिमीटरचा चौकोन, त्यात ५ मिलिमीटरची घरं, मधोमध ठिपका. वाचायचा चष्मा लावून, ३० सेंटिमीटरवर धरून, एक डोळा पूर्ण झाकून ठिपक्याकडे पाहायचं, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर चांगला डोळा बिघडलेल्याचं झाकून नेतो, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

पाच महिन्यांनी एचएस-सीआरपी १.६ वर आलं होतं. त्याच आठवड्यात ठिपक्याच्या खाली डावीकडच्या दोन रेषा हलत्या पाण्यातून पाहाव्यात तशा वाकड्या दिसल्या. रक्त सुधारलेलं, आणि डोळा कोरड्यातून ओल्या एएमडीत, म्हणजे पडद्याखाली पाणी साठणाऱ्या प्रकारात, गेलेला. चांगल्या रिपोर्टवर विसंबून महिनाभर थांबलं असतं तर मधली नजर कायमची जाऊ शकली असती.

दोन दिवसांत ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन, झालं. बाहुली मोठी करायच्या थेंबांनी चार-सहा तास अंधुक दिसतं, म्हणून सोबत माणूस आणि काळा चष्मा हवाच. पडद्याखाली पाणी दिसलं, म्हणून फ्लुरेसिनची अँजिओग्राफी, म्हणजे रंग देऊन पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढणं, झाली. शिरेतून रंग गेल्यावर थोडं मळमळतं, त्वचा पिवळसर आणि लघवी दिवसभर गडद पिवळी-केशरी होते. रक्ताच्या काही तपासण्यांत हा रंग घोळ घालतो, म्हणून रक्त त्याआधी द्यावं.

मग उपचार ठरला तो डोळ्यात इंजेक्शनचा. त्याची भीती प्रत्यक्षापेक्षा मोठी असते. रांजणवाडी किंवा डोळ्याला चिकटा असेल तर आधीच सांगावं. इंजेक्शन पुढे ढकलतात. पूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल तर तेही आधी सांगावं. भूल देणारे थेंब, मग पोव्हिडोन आयोडीन. ते चुरचुरतं, पण जंतू मारण्याचं काम तेच करतं, ‘कमी घाला’ म्हणू नये. पापण्या क्लिपने उघड्या ठेवतात. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर बारीक सुई जाते, औषध फक्त ०.०५ मिलिलिटर. दाब जाणवतो, काही सेकंदांत संपतं. रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट, बेव्हासिझुमॅब या इंजेक्शनच्या औषधांच्या किमतींत मोठा फरक आहे. बेव्हासिझुमॅब स्वस्त पडतं, पण ते मोठ्या बाटलीतून छोट्या मात्रांत भरून घेतात. ते निर्जंतुक पद्धतीने कुठे भरलं जातं, हे विचारण्यात संकोच नको. दर महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं देतात, आणि पुढे ओसीटी पाहून अंतर दोन-दोन आठवड्यांनी वाढवतात. बरं दिसतंय म्हणून मधलं इंजेक्शन चुकवलं की पाणी पुन्हा साठतं.

पांढऱ्या भागावर लाल डाग पडला तर तो आठ-पंधरा दिवसांत जातो. पण पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं, लाली पसरली किंवा नजर उतरली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आतला जंतुसंसर्ग एक रात्रही थांबत नाही.

एएमडीसाठी देतात त्या जीवनसत्त्व-खनिजांच्या गोळ्यांचं थोडक्यात. पट्टीमागची मात्रा वाचावी: ल्युटिन १० मिलिग्रॅम, झियाझँथिन २, क जीवनसत्त्व ५००, ई ४०० युनिट, झिंक ८० किंवा २५, तांबं २. झिंकमुळे तांब्याची कमतरता येऊ नये म्हणून ते सोबत असतं. धूम्रपान केलेल्यांनी बीटा कॅरोटीन असलेली गोळी टाळावी. मध्यम टप्प्यात या गोळ्या पुढचा बिघाड लांबवतात, गेलेली नजर परत आणत नाहीत. पालक-मेथी जेवणात असावीच.

मात्र एका ठिकाणी सीआरपी आणि ईएसआर डोळा वाचवतात. पन्नाशीपुढच्या माणसाची नजर अचानक गेली आणि सोबत कानशिलं दुखणं, केस विंचरताना टाळू दुखणं, घास चावताना जबडा भरून येणं असं काही असेल, तर तो एएमडी नसून कानशिलाच्या धमनीचा दाह असू शकतो. तेव्हा दोन्ही चाचण्या तातडीने करतात आणि संशय पक्का असला तर रिपोर्टची वाट न पाहता स्टिरॉइड सुरू करतात. दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो, म्हणून अशा वेळी सकाळच्या ओपीडीसाठी थांबू नये, रात्रीच इमर्जन्सीत जावं.