प्रबंधातले क्रमांक हाताने लिहू नयेत

प्रबंध जवळजवळ पूर्ण झाला होता, तेव्हा मार्गदर्शकांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणांच्या मध्ये एक नवे प्रकरण घालायला सांगितले. म्हणजे ३.४ ही आकृती आता ४.४ होणार, 'प्रकरण ५ पाहा' असे जिथे जिथे लिहिले होते तिथे ६ करावे लागणार आणि त्यापुढची सगळी समीकरणे, सारण्या व तळटीपा यांचेही तेच होणार. मी ते प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये लिहिले, मुख्य फाइलमध्ये ती फाइल जोडणारी एक ओळ टाकली आणि लाटेक, म्हणजे साध्या मजकुरातल्या आज्ञा वाचून छपाईची पाने तयार करणारी प्रणाली, दोनदा चालवले. प्रबंधातला एकही क्रमांक मला हाताने बदलावा लागला नाही, कारण मुळात एकही क्रमांक मी हाताने लिहिलेला नव्हता.

दोनदा का चालवायचे, हे नव्याने शिकणाऱ्याला कोणीतरी नीट सांगायला हवे. आकृतीला आपण एक नाव देतो, ज्याला लेबल म्हणतात, आणि मजकुरात क्रमांकाच्या जागी त्या नावाचा उल्लेख करतो. पहिल्या फेरीत लाटेक प्रत्येक लेबलाला कोणता क्रमांक आला हे एका सहायक फाइलमध्ये लिहून ठेवते आणि दुसऱ्या फेरीत तिथून वाचून योग्य जागी छापते. पानावर दोन प्रश्नचिन्हे दिसली, तर बहुतेक वेळा दुसरी फेरी राहिलेली असते किंवा लेबलाचे नाव चुकलेले असते. संदर्भसूचीसाठी आणखी एक टप्पा लागतो, परंतु लाटेकएमके (latexmk) नावाचे साधन किती फेऱ्या हव्यात ते स्वतःच ठरवते, त्यामुळे ते पहिल्या दिवसापासून वापरावे. संदर्भ एकदा व्यवस्थित नोंदवले की सूचीची शैली बदलणे हे एका ओळीचे काम उरते.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ मध्ये आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहिली, त्यांतली अक्षरजुळणी त्यांना पसंत पडली नाही आणि त्यांनी टेक् ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. लेस्ली लॅम्पोर्ट यांचे लाटेक ऐंशीच्या दशकात त्यावर उभे राहिले. टेक् ओळी एकेक करून तोडत नाही. संपूर्ण परिच्छेद समोर ठेवून, कुठे तोडले असता शब्दांमधील मोकळ्या जागा सर्वांत कमी खटकतील याचा ते हिशेब करते. शेवटच्या ओळीत एक शब्द वाढवला की कधी कधी पहिली ओळही वेगळ्या ठिकाणी तुटते, ती यामुळेच. तीनशे पाने सलग वाचणाऱ्या परीक्षकाच्या डोळ्यांना याचा आराम मिळतो, असे मी मनापासून मानतो.

अडचणीही आहेत. बंद करायचा राहिलेला एक महिरपी कंस कित्येक ओळी पुढे जाऊन त्रुटी दाखवतो आणि रुंद सारण्या फार वेळ खातात. मार्गदर्शकांना वर्डमधली फाइलच हवी असेल, तर मार्कडाउन या साध्या खुणांच्या पद्धतीत लिहून पॅनडॉक या रूपांतराच्या साधनाने वर्ड आणि लाटेक अशी दोन्ही रूपे काढणे अधिक शहाणपणाचे ठरते. जॉन मॅकफार्लेन यांचे हे साधन २००६ पासून आहे आणि वर्डमध्ये केलेल्या दुरुस्त्यांच्या खुणाही ते वाचू शकते. कोणतेही साधन निवडा, पण एका ओळीत एकच वाक्य लिहा. मग फाइलींतले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटमध्ये कालच्या आणि आजच्या मसुद्यातला फरक वाक्यागणिक दिसतो.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर सांगतो. पूर्वी टेक्‌मध्ये देवनागरी छापायची तर मजकूर रोमन अक्षरांत लिहून एका वेगळ्या प्रोग्रॅममधून काढावा लागे. झीलाटेक या लाटेकच्या नव्या रूपात युनिकोड मजकूर थेट चालतो, मात्र फॉन्ट निवडताना लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असे दोन्ही सांगावे. तशी सोय असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणे त्यामुळेच उमटतात.

खरी कसोटी 'ऱ्य' या जोडाक्षराची असते. ते दोन प्रकारे टंकित करता येते: एकतर 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन, नाहीतर साध्या 'र'ला हलन्त जोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द असतात. माझ्या शब्दसूचीत 'किनाऱ्याची धूप' ही नोंद दोनदा आली, एकीपुढे प्रकरण २ मधली पाने आणि दुसरीपुढे प्रकरण ६ मधली, कारण ती दोन प्रकरणे मी वेगवेगळ्या कळफलकांवर लिहिली होती. फाइली साध्या मजकुराच्या असल्यामुळे उपाय सोपा होता. सर्व प्रकरणांवर एकच शोध-आणि-बदल आज्ञा चालवून मी दुसरे रूप पहिल्यात बदलले, गिटमध्ये प्रत्येक बदललेली ओळ तपासली आणि लाटेक पुन्हा चालवले. सूचीत एकच नोंद उरली आणि तिच्यापुढे सगळी पाने ओळीने आली.